गेम बंद करण्याचीही एक रीत असावी

प्रश्न: काही वर्षांपूर्वी मी पूर्ण किंमत मोजून मोटारशर्यतीचा एक गेम घेतला होता आणि तो बहुतेक वेळा एकटाच खेळत असे. कंपनीने सर्व्हर, म्हणजे इंटरनेटवरून गेमला जोडलेला तिचा संगणक, बंद केल्यापासून तो सुरूच होत नाही. माझा थोरला भाऊ सॉफ्टवेअर लिहिण्याचे काम करतो. तो म्हणतो, ‘तू गेम घेतलाच नव्हतास, परवाना घेतला होतास. अटी न वाचता मान्य केल्यास, आता तक्रार कसली? आणि असल्या गोष्टींत सरकारने पडू नये.’ मित्रांचे म्हणणे असे, की यापुढे पैसे देऊच नकोस, फुकट उतरवून घे. माझ्या खात्यात असे पुष्कळ गेम आहेत. माझी फसवणूक झाली का? यापुढे गेम विकत घ्यावेत की नाही? आणि यासाठी कायदा मागणे अतिरेकाचे ठरेल का?

उत्तर: तुम्ही गेमचे आणि कंपनीचे नाव कळवले आहे, ते येथे छापण्याची गरज नाही, कारण जे घडले ते एका कंपनीपुरते नाही. तुमचा थोरला भाऊ कायद्याच्या भाषेत बराचसा बरोबर बोलतो आहे. मात्र त्यावरून त्याने काढलेले दोन्ही निष्कर्ष, म्हणजे तुम्हाला तक्रारीला जागा नाही आणि सरकारने यात लक्ष घालू नये, मला मान्य नाहीत.

आधी परवान्याचे पाहू. अमेरिकेत २०१० साली ‘व्हर्नर विरुद्ध ऑटोडेस्क’ या खटल्यात अपील न्यायालयाने असे ठरवले, की कंपनीने करारात परवाना असे स्पष्ट म्हटले असेल आणि प्रतीच्या वापरावर व हस्तांतरणावर ठळक बंधने घातली असतील, तर पैसे देणारा त्या प्रतीचा मालक ठरत नाही. दोनच वर्षांनी युरोपीय संघाच्या न्यायालयाने ‘युज्डसॉफ्ट विरुद्ध ओरॅकल’ या खटल्यात जवळजवळ उलटा कौल दिला: मुदत न घालता, एकरकमी मोबदला घेऊन दिलेली सॉफ्टवेअरची प्रत ही विक्रीच होय आणि ती पुढे दुसऱ्याला विकता येते. त्याच न्यायालयाने २०१९ साली ई-पुस्तकांना मात्र हा न्याय लावला नाही. तेव्हा भाऊ ज्याला उघड सत्य समजतो, त्यावर न्यायाधीशांचेही एकमत नाही. अर्थात तुमच्या दृष्टीने हा वाद बाजूचा आहे. उद्या एखाद्या न्यायालयाने तुम्हाला त्या गेमचे मालक ठरवले, तरी तुमच्या हाती येईल ती न चालणारी प्रतच.

‘अटी मान्य केल्या होत्या’ हा मुद्दाही वाटतो तितका भक्कम नाही. स्टीम हे गेमचे दुकान चालवणाऱ्या व्हॉल्व्ह या कंपनीने ऑस्ट्रेलियात नेमका असाच बचाव केला होता: आमच्या करारानुसार व्यवहाराला अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्याचा कायदा लागू होतो, त्यामुळे ऑस्ट्रेलियाचा ग्राहक कायदा आम्हाला बांधत नाही. तेथील संघीय न्यायालयाने २०१६ साली तो फेटाळला आणि परताव्याच्या हक्काबाबत ग्राहकांची दिशाभूल केल्याबद्दल कंपनीला ३० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड केला. करारात काहीही लिहिता येते. ते सगळे टिकतेच असे नाही, आणि ‘मान्य’ या बटणावर बोट ठेवल्याने देशाचा कायदा रद्द होत नाही.

आता खऱ्या दुखण्याकडे येऊ. एकट्याने खेळायच्या गेमला सर्व्हर लागतोच कशाला, हा प्रश्न तुम्ही विचारलेला नाही, पण सगळ्याचे मूळ तिथेच आहे. काही गेममध्ये सर्व्हरचे काम दारावरच्या पहारेकऱ्याचे असते: खाते खरे आहे का, पैसे भरले आहेत का, एवढे विचारून तो आत सोडतो आणि पुढचे सर्व काही तुमच्याच यंत्रावर चालते. काहींमध्ये तुमची प्रगती, जिंकलेल्या गाड्या, जमवलेले गुण हे सर्व्हरवर साठवलेले असतात. आणि काही गेम असे असतात की त्यांचे जगच सर्व्हरवर चालते. हजारो खेळाडू एका वेळी एकाच नकाशावर वावरत असतात आणि कोण कोठे आहे, कोणाचा वार कोणाला लागला, याचा हिशेब तिकडेच होतो. पहिल्या प्रकारात सर्व्हर बंद करताना ती चौकशी काढून टाकणारे एक शेवटचे अपडेट पुरते. दुसऱ्यात प्रगती खेळाडूच्या यंत्रावर साठवण्याची सोय करावी लागते, म्हणजे काम थोडे वाढते. तिसऱ्यात मात्र सर्व्हरचा प्रोग्रॅमच खेळाडूंच्या हाती द्यावा लागतो आणि ते खरोखर अवघड असते, कारण त्यात इतर कंपन्यांकडून परवान्याने घेतलेले भाग असतात, जे पुढे वाटण्याचा हक्क गेमच्या कंपनीला नसतो. तुम्ही केलेल्या वर्णनावरून तुमचा गेम पहिल्या दोन प्रकारांत मोडणारा दिसतो. तुमचा भाऊ याच क्षेत्रातला आहे. त्याला हा फरक माझ्यापेक्षा चांगला कळेल, आणि तरीही त्याने तिन्ही प्रकारांना एकच उत्तर द्यावे याचे मला थोडे नवल वाटते.

हे सारे सार्वजनिक चर्चेत आले ते ‘द क्रू’ या गेममुळे, आणि योगायोगाने तोही मोटारींचाच गेम आहे. युबिसॉफ्ट या गेम कंपनीने तो डिसेंबर २०१४ मध्ये बाजारात आणला, डिसेंबर २०२३ मध्ये विक्रीतून काढला आणि ३१ मार्च २०२४ रोजी त्याचे सर्व्हर बंद केले. त्यात एकट्याने खेळायचा मोठा भाग होता, परंतु तोही सतत जोडणी असल्याशिवाय चालत नसे, म्हणून त्या दिवसानंतर ज्यांनी तो डिस्कवर घेतला होता त्यांच्याही हाती नुसती तबकडी उरली. रॉस स्कॉट या यूट्यूबवरील अमेरिकी निर्मात्याने एप्रिल २०२४ मध्ये ‘स्टॉप किलिंग गेम्स’ ही मोहीम सुरू केली. त्यातून युरोपीय संघात नागरिकांचा अधिकृत प्रस्ताव दाखल झाला आणि जुलै २०२५ अखेरपर्यंतच्या एका वर्षाच्या मुदतीत त्यावर १० लाखांहून अधिक सह्या जमल्या. ब्रिटनमध्येही अशाच मागणीच्या अर्जावर लाखाहून अधिक सह्या झाल्याने ३ नोव्हेंबर २०२५ रोजी संसदेत चर्चा झाली, मात्र ग्राहक कायदा बदलण्याचा विचार नाही, अशी भूमिका तेथील सरकारने घेतली. या मोहिमेविषयी पसरलेला एक गैरसमज येथेच दूर केलेला बरा. सर्व्हर कायम चालू ठेवा, अशी तिची मागणी नाही. कंपनीने पाठिंबा थांबवताना गेम खेळता येण्याजोग्या अवस्थेत सोडावा, एवढेच ती मागते. स्वामित्वहक्क कंपनीकडेच राहतात.

उद्योगाचे उत्तरही ऐकून घेतले पाहिजे. युरोपातील गेम कंपन्यांच्या ‘व्हिडिओ गेम्स युरोप’ या संघटनेने जुलै २०२५ मध्ये असे मांडले, की खेळाडूंनी चालवलेल्या खासगी सर्व्हरवर त्यांच्या माहितीचे संरक्षण आणि बेकायदा मजकुरावरचे नियंत्रण कंपनीला करता येत नाही, आणि केवळ ऑनलाइन खेळण्यासाठीच आखलेल्या गेमवर अशी सक्ती केली तर ते बनवणे फार महाग होईल. तिसऱ्या प्रकारच्या, आधीच बनून गेलेल्या गेमविषयी ही हरकत मला रास्त वाटते. दहा वर्षांपूर्वी लिहिलेल्या गुंतागुंतीच्या प्रोग्रॅममधून परक्याचे भाग वेगळे काढणे हे किचकट काम असते आणि ज्या गेममधून उत्पन्न थांबले आहे त्यावर ते करायला कोणी तयार नसते. पण जो गेम अजून कागदावरच आहे, त्याच्या आखणीत शेवटची तजवीज आधीच केली तर तिचा खर्च पुष्कळ कमी होतो. शेवटाचा विचार शेवटीच केला जातो, म्हणून तो महाग पडतो.

आणि मनात आणले तर हे जमते, याची उदाहरणे आहेत. ‘नॉकआउट सिटी’ हा संपूर्णपणे ऑनलाइन खेळायचा गेम जून २०२३ मध्ये बंद झाला, तेव्हा वेलान या त्याच्या निर्मात्या स्टुडिओने खेळाडूंना स्वतःचा सर्व्हर चालवता येईल अशी संगणकावरची आवृत्ती देऊ केली. आयडी सॉफ्टवेअरने ‘डूम’चा सोर्स कोड, म्हणजे गेमचा मूळ लिहिलेला प्रोग्रॅम, १९९७ सालीच खुला केला आणि म्हणून तो गेम आजही नव्या यंत्रांवर चालतो. खुद्द युबिसॉफ्टने, एवढा गदारोळ झाल्यावर, ‘द क्रू २’ला २०२५ मध्ये ऑफलाइन खेळण्याची सोय दिली, तेव्हा पहिल्या भागाच्या बाबतीत अडचण तंत्राची होती की इच्छेची, हे ज्याचे त्याने ठरवावे. जेथे गेम वाचवता येत नाही तेथे पैसे परत करता येतात. गूगलने स्टेडिया ही इंटरनेटवरून गेम खेळवणारी सेवा १८ जानेवारी २०२३ रोजी बंद करताना आपल्या दुकानातून विकलेल्या यंत्रांचे आणि गेमचे पैसे ग्राहकांना परत केले. सोनीने ‘कॉन्कॉर्ड’ हा गेम २०२४ साली अवघ्या दोन आठवड्यांत गुंडाळला, पण पैसे परत केले. तो गेम गेल्याचे ज्यांना दुःख झाले असेल ते असोत, त्यांची लुबाडणूक झाली असे कोणी म्हणू शकणार नाही.

तुमची फसवणूक झाली का, याचे उत्तर आता देता येईल. न्यायालयात सिद्ध करता येईल अशा अर्थाने बहुधा नाही. पण किंमत घेताना एक महत्त्वाची गोष्ट तुमच्यापासून दूर ठेवली गेली, आणि ती म्हणजे मुदत. नाटकाचे तिकीट काढणारा पडदा पडल्यावर भांडत बसत नाही, कारण आपण एका प्रयोगाचे पैसे दिले आहेत हे त्याला आधीच ठाऊक असते. तुम्हाला मात्र किंमत वस्तूची लावली गेली आणि मिळाला तो प्रवेश, तोही किती काळाचा हे न सांगता. कॅलिफोर्नियाने २०२४ साली केलेला आणि १ जानेवारी २०२५ पासून लागू झालेला कायदा याच्या निम्म्या भागाला हात घालतो: डिजिटल वस्तूचा केवळ परवाना दिला जात असेल, तर ग्राहकाला ते स्पष्ट सांगितल्याशिवाय ‘खरेदी’ असे बटण दाखवता येत नाही, कायमची उतरवून ठेवता येणारी, इंटरनेटशिवाय वापरता येणारी प्रत मिळत असेल तर हे बंधन नाही. स्टीमनेही ऑक्टोबर २०२४ पासून पैसे भरण्याच्या पानावर तशी सूचना लावली. सूचना प्रामाणिक आहे, पण अपुरी आहे. तुम्ही मालक नाही एवढेच ती सांगते. हा परवाना निदान केव्हापर्यंत चालेल, याविषयी त्यात एक अक्षरही नाही.

भावाच्या शेवटच्या मुद्द्यावर मी थोडे अधिक लिहिणार आहे, कारण तो अनेक सुशिक्षित लोकांचा मुद्दा आहे आणि तो मुळातच चुकीच्या जागेवरून सुरू होतो. सरकारने यात पडू नये असे म्हणणारे हे विसरतात, की सरकार यात पूर्वीच पडलेले आहे. गेमची प्रत इतर कोणी काढू नये, हा हक्क कंपनीला कायद्यानेच मिळतो. अमेरिकेत १९९८ सालच्या डिजिटल मिलेनियम कॉपीराइट कायद्याने याच्या पुढचे पाऊल टाकले आणि प्रतीवर कंपनीने लावलेले कुलूप तोडणे हेही बेकायदा ठरवले, मग तोडणारा तो गेम रीतसर विकत घेतलेला का असेना. म्हणजे बंद पडलेला गेम आपल्यापुरता दुरुस्त करायला कोणी बसला, तर त्याला आडवा येतो तो बाजार नव्हे, कायदा. तेथे दर ३ वर्षांनी या नियमाला अपवाद ठरवले जातात. २०१५ साली पहिल्यांदा असा अपवाद झाला, की ओळख तपासणारा सर्व्हर कंपनीने बंद केला असेल तर खेळाडूने स्वतःच्या यंत्रावर खेळण्यापुरते ते कुलूप काढावे. ज्या गेमचा मजकूर सर्व्हरवरच असतो त्यांना तो लागू नव्हता. २०१८ साली ग्रंथालये आणि संग्रहालये यांच्यासाठी तो जतनाच्या कामापुरता आणखी रुंदावला. २०२४ साली मात्र जतन केलेले जुने गेम संशोधकांना संस्थेच्या आवाराबाहेरून पाहू देण्याची परवानगी नाकारण्यात आली. ‘व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन’च्या २०२३ सालच्या पाहणीनुसार अमेरिकेत २०१० पूर्वी प्रसिद्ध झालेल्या गेमपैकी ८७ टक्के तेव्हा बाजारात रीतसर मिळत नव्हते. अशा स्थितीत कंपनीला मिळालेल्या संरक्षणाच्या बदल्यात तिच्याकडून काही मागणे हा हस्तक्षेप कसा, हे भावाला जरूर विचारा.

तेव्हा कायदा मागणे अतिरेकाचे नाही. पण कोणता कायदा मागता, हे महत्त्वाचे आहे. माझे मत असे, की तो यापुढे येणाऱ्या गेमपुरता असावा. मागे जाऊन जुन्या गेमवर लादला तर लहान स्टुडिओ भरडले जातील आणि मोठ्या कंपन्या वकील लावून सुटतील. सर्व कंपन्यांवर सोर्स कोड उघडण्याची सक्ती करू नये. कोणाला तो द्यावासा वाटला तर उत्तम, पण तो हक्क म्हणून मागण्याचे कारण मला दिसत नाही. गेम किमान कोणत्या तारखेपर्यंत चालेल हे विक्रीच्या वेळी लिहून द्यावे, आणि ते द्यायचे नसेल तर शेवटी तो खेळता येईल असा सोडावा किंवा पैसे परत करावेत. यांपैकी काय करायचे हे कंपनीला ठरवू द्यावे. मासिक सदस्यत्वावर चालणारे गेम यातून वगळायला हरकत नाही, कारण तेथे महिन्याचे पैसे महिन्यापुरते असतात हे कोणालाही कळते. फुकट खेळायला देऊन आतल्या वस्तू विकणाऱ्या गेमना मात्र मी वगळणार नाही. खेळाडूंचा सर्वाधिक पैसा तेथे बेसावधपणे जातो. युरोपच्या प्रस्तावावर सही करण्याचा अधिकार फक्त तेथील नागरिकांना होता, आणि तेथेही युरोपीय आयोग, म्हणजे संघाचे कार्यकारी मंडळ, उत्तर देण्यास बांधील असतो, कायदा करण्यास नव्हे. तुम्हाला आपल्या ग्राहक यंत्रणेकडे लेखी तक्रार करता येईल. तिच्यात संतापापेक्षा तपशील ठेवा: गेम केव्हा घेतला, पावती, बंद झाल्याची सूचना, आणि खरेदीच्या पानावर मुदतीचा उल्लेख नव्हता ही गोष्ट.

मित्रांचा सल्ला मी देणार नाही, आणि केवळ सचोटीच्या कारणाने नव्हे. ज्या गेमचे जग सर्व्हरवर चालते, त्याची फुकट उतरवलेली प्रतही सर्व्हर बंद झाल्यावर तितकीच निरुपयोगी होते, म्हणजे तुमच्या अडचणीवर तो उपाय नाहीच. उलट जे गेम सहज चोरता येतात ते बहुधा कुलूप न लावता, ग्राहकावर विश्वास ठेवून विकलेले असतात. त्यांच्या निर्मात्यांचे नुकसान करून तुम्ही शिक्षा नेमकी चांगल्याला द्याल. शिवाय अशा फाइलींतून संगणकात काय काय येते, ते भाऊ सांगेलच. बंद पडलेल्या गेमचे चाहत्यांनी चालवलेले सर्व्हर ही गोष्ट वेगळी आहे. कायदा त्यांच्याकडे सर्वत्र सारख्या नजरेने पाहत नाही, पण ‘सिटी ऑफ हीरोज’ हा गेम २०१२ साली बंद झाल्यावर चाहत्यांनी पुढे त्याचे सर्व्हर चालवले आणि त्यांच्यातील ‘होमकमिंग’ या गटाला जानेवारी २०२४ मध्ये एनसीसॉफ्ट या मूळ कंपनीनेच रीतसर परवाना दिला. तुमच्या गेमसाठी तसे काही असेल तर मी तुम्हाला अडवणार नाही. फक्त तेथे वेगळा पासवर्ड वापरा, आणि जो ईमेल पत्ता इतर महत्त्वाच्या खात्यांना दिला आहे तो देऊ नका.

गेम विकत घेणे थांबवू नका, पण घेण्याआधीची तपासणी बदला. विक्रीच्या पानावर ‘सतत इंटरनेट जोडणी आवश्यक’ असे असेल आणि तुम्हाला तो एकट्याने खेळायचा असेल, तर त्याला पूर्ण किंमत देऊ नका. सवलतीची वाट पाहा, आणि जे द्याल ते एक-दोन वर्षांच्या करमणुकीचे समजून द्या. डिस्कवर भरवसा ठेवू नका, हे वर आलेच. त्या कंपनीने आपले आधीचे गेम कसे बंद केले ते शोधा. हा तपशील गेमच्या परीक्षणांत सहसा नसतो. जीओजीसारखी दुकाने कुलूप नसलेली प्रत देतात आणि तिची इंस्टॉलर फाइल, म्हणजे गेम संगणकावर बसवणारी फाइल, उतरवून स्वतःजवळ ठेवता येते, म्हणून तोच गेम अशा दुकानात आणि इतरत्रही मिळत असेल तर मी अशा दुकानातून घेईन.

खात्यात आज जे गेम आहेत त्यांची परीक्षा एका सुटीत होईल. ज्यांत तुमचा जीव आहे तेवढेच निवडा, ते उतरवून घ्या, इंटरनेट पूर्ण बंद करा, संगणक पुन्हा चालू करा आणि एकेक सुरू करून पाहा. जे चालतील आणि ज्यांची इंस्टॉलर फाइल मिळते, त्यांच्या फाइली वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवा आणि तुमच्या प्रगतीच्या फाइलींचीही प्रत काढा. त्या बहुधा गेमच्या फोल्डरमध्ये नसून दुसरीकडेच असतात, तेव्हा त्या शोधायला भावाला सोबत बसवा. जे चालणार नाहीत त्यांच्यावर आणखी पैसे, विशेषतः आतल्या गाड्या आणि पोशाख यांवर, खर्च करू नका.